बॅटरी माझ्या हातात, रिव्हॉल्व्हर त्यांच्या

बाळांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकट्याने विचारलं, "आजी, आजोबांकडे खरी बंदूक होती ना? तिला खालून लाइट लावलेला होता का?" त्याने कुठेतरी पाहिलं होतं. अंधारं घर, एक माणूस दोन्ही हातांत पिस्तूल धरून चाललाय आणि पिस्तुलाच्या नळीखाली झगझगीत दिवा. मी सांगितलं, "लावला होता, एकदाच." तेवढ्यात तुमची पोहायला जायची वेळ झाली. फोन ठेवताना तुमच्या आईचा चेहरा मला दिसला. तिला ही गोष्ट अर्धीच माहीत आहे. अर्धी गोष्ट माहीत असणं वाईट, म्हणून सगळं क्रमाने लिहिते. तुम्ही मराठी सावकाश वाचता, त्यामुळे वाक्यं लहान ठेवीन. अडलं तर बाबांना विचारा.

एक शब्द आधीच सांगून ठेवते. तुम्ही ज्याला टॉर्च म्हणता त्याला आम्ही कोल्हापूरकर बॅटरी म्हणतो. आत सेल असतात आणि बाहेर ती बॅटरी. मी कॉलेजात इंग्रजी घेऊन बी. ए. झाले, पण माझ्याही तोंडात बॅटरीच येतं.

आजोबा साखर कारखान्याच्या शेती खात्यात नोकरीला होते. कुणाचा ऊस आधी तोडायचा आणि कुणाचा नंतर, याची यादी ते करत. ज्याचा ऊस मागे राहतो त्याचं वजन घटतं, आणि त्याला वाटतं की साहेबाने मुद्दाम केलं. एका हंगामात दोघांनी शेतातल्या वाटेवर त्यांची स्कूटर अडवली आणि "बघून घेतो" म्हणाले. तुमचे बाबा तेव्हा चौथीत होते. त्यानंतर आजोबांनी परवाना काढला आणि रिव्हॉल्व्हर घेतलं. लहानसं, काळं, लाकडी मुठीचं. त्यातून आमच्या घरी एकदाही गोळी सुटली नाही. निवडणूक लागली की परवान्याची सगळी हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. त्या दीड-दोन महिन्यांत त्यांना झोप लागत नसे आणि मला छान लागे.

निवृत्तीनंतर आम्ही शहरातलं भाड्याचं घर सोडून राधानगरी रस्त्याला शेतात बांधलेल्या घरात आलो. तुम्ही दोनदा तिथे राहून गेलात, पण दोन्ही वेळा उन्हाळ्यात, ऊस तुटल्यावर. पावसाळ्यात ते घर वेगळंच असतं. तिन्ही बाजूंना डोक्याहून उंच ऊस, मागे ओढा, आणि अंगणाच्या पुढे दहा पावलांवरचंही दिसत नाही. शेजार म्हणजे दोनच. रस्त्याकडेला एक निवृत्त सुभेदार, आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीतली आमच्या म्हशी पिळणारी मावशी. मावशी रोज सकाळी सहाला पुढच्या फाटकातून यायची आणि रस्त्यावरूनच ओरडायची, "वैनी, चरवी काढा!" त्या आवाजावर मी चहा टाकायचे.

चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमच्या भागात मोटारींच्या वायरी चोरीला जायला लागल्या. विहिरीवरच्या पंपाची वायर कापायची आणि आतलं तांबं विकायचं. दोन शेतं सोडून एकाची गेली, मग ओढ्याच्या वरच्या अंगाला दुसऱ्याची. आजोबांनी रिव्हॉल्व्हर कपाटातून काढून उशाशी ठेवायला सुरुवात केली. मला पटलं नाही. सव्वीस वर्षं कपाटात पडलेली वस्तू अंधारात अचानक हातात घ्यायची, हे मला नापास विद्यार्थ्याने थेट परीक्षेला बसण्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "ठेवायचं असेल तर आधी शिकायचं. आणि मीही शिकणार."

"तू कशाला? परवाना माझ्या नावावर आहे."

"बॅटरीला परवाना लागत नाही."

असे आम्ही सुभेदारांचे शिष्य झालो. ते आजोबांहून पाच वर्षांनी लहान, पण शिकवायला उभे राहिले की आम्ही दोघं नव्या भरतीचे रंगरूट. शिकवणी भरदिवसा, सकाळी अकरा वाजता, खताच्या खोलीत. खिडकीला पोती लावली की तिथे मिट्ट काळोख होतो. आधी रिव्हॉल्व्हर रिकामं करायचं. मग तिघांनीही सहाच्या सहा भोकांत बोट घालून पाहायचं. गोळ्या माझ्या पितळी डब्यात, डबा स्वयंपाकघरात, आणि मधलं दार बंद. इतकी शिस्त असलेला माणूस मला एकदम आवडून गेला.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला सुनावलं. मी बॅटरी नाकासमोर धरली होती.

"वहिनी, बॅटरी तोंडापुढं धरू नगा. चोर उजेडावर मारतोय. तुमचं तोंड तिथंच हाय की!"

"मग कुठे धरू?"

"हात लांब करा डावीकडं. हां. एक सेकंद लावायची, बंद करायची आन् एक पाऊल सरकायचं. जिथनं उजेड आला तिथं तुम्ही न्हाय पायजे."

आजोबांना त्यांनी विचारलं, "आण्णा, बॅटरी आन् हत्यार दोन्ही तुम्हीच धरणार व्हय?"

"मग कोण धरणार?"

"वहिनी धरतील बॅटरी. ऐका माझं. माणसाच्या दोन्ही मुठी एकमेकीचं बघून करत्यात. डाव्या हातानं बॅटरीचं बटण दाबलं की उजव्या हाताचं बोट बी दबतं. ध्येनात बी येत न्हाय. मी जवानांचं बघितलंय." त्यांनी आजोबांना दोन्ही मुठी सैल धरायला लावल्या आणि एकदम डावी आवळायला सांगितली. उजवी आपोआप आवळली. आजोबा स्वतःच्या हाताकडे परक्याचा असावा तसे पाहत राहिले.

सुभेदारांचा क्रम असा होता. आधी बॅटरी. मग तोंड, म्हणजे "कोण आहे" असं ओरडून विचारायचं. बोट सगळ्यात शेवटी, आणि तोवर ते चापाच्या बाहेर, नळीला समांतर. उजेड टाकायचा तो समोरच्याच्या हातांवर, कारण चेहरा खोटं बोलू शकतो, हातात काय आहे ते लपत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मी "ओळखलं" किंवा "अनोळखी" असं मोठ्याने म्हणेपर्यंत आजोबांनी हत्यार जमिनीकडेच ठेवायचं. "ज्याला बघायचंय त्याच्यावर नळी धरायची न्हाय," ते म्हणायचे. "बघायला बॅटरी हाय. नळी बघायसाठी नसती."

मग सराव. सुभेदार अंधारात एखादी वस्तू घेऊन उभे राहायचे. छत्री, ऊसतोडीचा कोयता, दुधाची चरवी, मोटारीचा पाना. मी एक सेकंद उजेड टाकायचा आणि आजोबांनी सांगायचं काय आहे. पहिल्या चार दिवसांत आजोबांचं एकही उत्तर चुकलं नाही. सुभेदार खूश. "आण्णा, नजर हाय का काय हाय ही!"

मला मात्र काहीतरी खटकत होतं. घरात ते पेपर हात लांब करून वाचायचे, संध्याकाळी पायरी चुकायचे, आणि दोन दिवसांपूर्वी त्यांनी मिठाच्या बरणीतून साखर म्हणून चमचा भरला होता. मग ही नजर खताच्या खोलीतच कुठून येते? पाचव्या दिवशी मी डोळे मिटून नुसती उभी राहिले आणि मला कळलं. सुभेदार वस्तू बदलताना कोयता फरशीला टेकायचा, चरवीचं कडं वाजायचं, छत्रीची कापडी फडफड व्हायची. आजोबा बघत नव्हते. ऐकत होते. चाळीस वर्षं शेतांतून फिरलेला माणूस, कान तिखट.

सहाव्या दिवशी मी कुणाला न सांगता फरशीवर गोणपाट अंथरले आणि चरवीच्या कड्याला फडकं गुंडाळलं. उजेड टाकला.

"कोयता," आजोबा म्हणाले. सुभेदारांच्या हातात छत्री होती.

पुन्हा टाकला.

"माणूस बसलाय खाली." ती स्टुलावर ठेवलेली चरवी होती.

तिसऱ्यांदा मी टाकलाच नाही. खिडकीवरची पोती काढली. सुभेदारांनी वस्तू गोळा केल्या. फाटकापाशी मला हळूच म्हणाले, "वहिनी, ह्ये सरावाचं काम न्हाय. डोळ्याचं हाय. मोतीबिंदू पिकलाय आण्णांचा. त्यांनी हत्यार घेऊन बाहेर पडायचं न्हाय आता."

मी त्याच दुपारी आजोबांना डोळे दाखवून येऊ म्हटलं. ते उठून गोठ्यात गेले. त्यांच्या थोरल्या भावाचा एक डोळा अशाच ऑपरेशनमध्ये गेला होता, फार वर्षांपूर्वी, आताची यंत्रं नव्हती तेव्हा. ती भीती ते कुणाला सांगत नसत. मला माहीत होती म्हणून मी ताणलं नाही. परवान्याचं नूतनीकरण जवळ आलं होतं, तेव्हा डॉक्टरचा दाखला लागेलच, आपोआप होईल, असं मी मनात ठरवलं. तुमच्या आजीचं आयुष्यभर सगळं वेळेवर झालंय. वाणसामान, परीक्षा, लसी. ही एक गोष्ट मी पुढे ढकलली, आणि ती कुणाच्या तरी जिवाची होती. भरलेलं रिव्हॉल्व्हर अजून उशाशीच होतं, आणि ते धरणाऱ्याला छत्री आणि कोयता यातला फरक दिसत नव्हता.

याच आठवड्यात तुमच्या बाबांची बॅटरी आली. वायरचोरीचं ऐकून त्यांनी तिकडून एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली होती. बोटभर लांबीची, ॲल्युमिनियमची, शेपटाला बटण. सोबतचं माहितीपत्रक मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. डोळ्यांवर मारू नये, असं त्यात तीनदा लिहिलं होतं. अंगणातून लावली तर रस्त्यापलीकडच्या खांबाचा शेंडा उजळायचा. माझी जुनी दोन सेलची स्टीलची बॅटरी तिच्यापुढे उदबत्तीसारखी वाटत होती. आजोबांचा चेहरा मात्र कित्येक दिवसांनी खुलला. त्यांना वाटलं, आपले डोळे ठीक आहेत, उजेडच कमी पडत होता.

तसं ते नव्हतं. पुढे डॉक्टरांनी मला समजावलं. मोतीबिंदू म्हणजे डोळ्याच्या भिंगावर साय. प्रखर उजेड तिच्यावर पडला की सगळीकडे पसरतो. जितका उजेड जास्त, तितकं समोर पांढरं. धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यासारखं. पण हे मला नंतर कळलं.

श्रावणातली सकाळ. साडेपाच वाजले असतील. उजाडायला वेळ होता, लाइट गेलेली, आणि पावसाचा आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं. मी जागी झाले ती आजोबांच्या जागेवर हात गेला म्हणून. ते नव्हते. उशी बाजूला सरकलेली. मागचं दार उघडं होतं.

मी खिळ्यावरची माझी बॅटरी घेतली आणि मागे गेले. आजोबा पडवीच्या कडेला उभे होते. गोठ्यामागच्या पंपाच्या मोटारीची पेटी, तिच्यापाशी काहीतरी हलत होतं, त्यांनी ऐकलं होतं. मी "अहो" म्हणणार तोच त्यांनी उजेड केला, आणि त्या उजेडात मला आधी चोर दिसलाच नाही. दिसलं ते रिव्हॉल्व्हर. त्याच्या नळीखाली बाबांची ती बॅटरी बांधली होती, सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी कापून, चार वेढे देऊन, अगदी पक्की. आमच्याकडे पाण्याच्या पाइपापासून चष्म्याच्या काडीपर्यंत सगळं ट्यूबच्या पट्टीने बांधतात. त्यांनी हे दुपारी कधीतरी बांधलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं. एकट्याला दोन्ही धरता यावं म्हणून. म्हणजे माझी गरज लागू नये म्हणून.

आता उजेड जिकडे, नळी तिकडे. आणि ते शोधत होते, म्हणून नळी सगळीकडे फिरत होती. गोठा, कडब्याची गंज, पेटी. पेटीपाशी थांबली.

"कोण आहे? कोण आहे रे तिकडे? हातातलं टाक!"

उत्तर नाही. पावसात एक मोठी काळी आकृती, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत एकसंध, आणि उजव्या बाजूला काहीतरी चमकणारं.

"हत्यार आहे त्याच्याकडे," आजोबा म्हणाले. माझ्याकडे पाहून नव्हे. त्यांचा आवाज मी कधी न ऐकलेला होता. "टाक! गोळी घालीन!"

आकृती जागची हलली नाही, बोललीही नाही. फक्त एक हात उजेड अडवायला वर आला. ज्यात ते चमकणारं होतं तोच हात.

मी काय केलं ते मी विचार करून केलं असं सांगू शकत नाही. सुभेदारांनी सहा दिवस घोटून घेतलं होतं ते पायांनी केलं. डावीकडे दोन पावलं, पावसात. हात लांब. माझी उदबत्ती बाजूने टाकली, चेहऱ्यावर नाही, हातांवर. त्या मिणमिणत्या पिवळ्या उजेडात मला विळा दिसला, आणि विळ्याच्या खाली मनगटभर हिरव्या बांगड्या.

"ओळखलं!" मी किंचाळले. "ओळखलं, ओळखलं! अहो, मावशी आहे!"

नळी खाली गेली. आजोबा तिथेच पडवीच्या पायरीवर बसले.

मावशीने डोक्यावरची पोत्याची खोळ मागे टाकली, बाजूला जाऊन चांगली दोनदा थुंकली आणि मग तिचा आवाज फुटला. "आवं, मी बोलू कशी? तोंडात मिश्री हुती की माझ्या!" मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, गावच्या बाया सकाळी बोटाने दातांना घासतात. त्या वेळी तोंड उघडायचं नाही, ही त्यांची पद्धत. "डोळ्यांवर ह्यो एवढा उजेड, मला काय दिसतंय! मला वाटलं मोटारसायकल शिरली गोठ्यात!"

"पण तू मागून का आलीस? आणि या वेळेला?"

"पुढच्या वाटंवर वढ्याचं पाणी आलंय गुडघाभर. म्हटलं मागल्या अंगाच्या साकवावरनं यावं, येता येता म्हशीला चार मुठी गवात कापावं. तर ह्यो आण्णा गोळी घालाय निघालाय! आण्णा, मला मारल्यावर म्हशी कोण पिळणार हुतं? तुमची वैनी?"

मी हसले. मला अजून त्या हसण्याची लाज वाटते, पण ते आलं. आजोबा हसले नाहीत. ते हातातल्या रिव्हॉल्व्हरकडे पाहत होते. मग माझ्याकडे न पाहता हळू म्हणाले, "बोट आत होतं. बटण दाबलं तेव्हा चापही दबला. अर्धा आला होता. मला जाणवला."

सुभेदारांना मीच फोन केला. ते भिजत आले, गोळ्या काढल्या, रुमालात बांधून स्वतःच्या खिशात ठेवल्या. ट्यूबची पट्टी सोडवताना त्यांनी मान वर केली नाही. 

त्या दुपारी आजोबा ओढ्यापलीकडे मावशीच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदा. मी सोबत होते. तिने घोंगडं अंथरलं, गूळपाणी दिलं. आजोबांनी हात जोडले आणि म्हणाले, "मावशी, चूक झाली. तुझं काही म्हणणं असेल तर सांग. लुगडं, पैसे, काय ते."

ती चुलीपुढेच बसून म्हणाली, "लुगडी हाईत मला. एक सांगते, वैनी, तुम्ही बी ऐका. आण्णांनी डोळं करून घेतल्याबिगर मी काय तुमच्या गोठ्यात यायची न्हाय."

"अगं, रिव्हॉल्व्हर आता रिकामं आहे," मी म्हटलं.

"आज रिकामं हाय. उद्याचं कुणी बघितलंय? आन् बंदूक न्हाय तर न्हाय, परवा आण्णा माझ्या अंगावर फटफटी घालतील. मला न्हाय मरायचं आण्णांच्या डोळ्यापायी. वैनी, तुम्हाला ठावं हुतं की न्हवतं?"

मी म्हटलं, "होतं."

"मंग?"

मी हातातला गुळाचा खडा तसाच खाली ठेवला आणि उठले. 

आणि ती खरंच आली नाही. दोन म्हशी, दोन्ही मावशीच्या हाताच्या. पहिल्या दिवशी मी पिळायला बसले तर एकीने चरवी उडवली. आजोबा बसले तर दुसरीने दूधच चोरलं. सुभेदारांनी येऊन कसंबसं काढलं, पण डेअरीचा माणूस कॅन हलवून म्हणाला, "आण्णा, म्हस आटली व्हय?" तीन दिवस माझी बोटं सुजली होती. चौथ्या दिवशी सकाळी आजोबा इस्त्रीचा सदरा घालून माझ्यापुढे उभे राहिले. "चल," म्हणाले. "कुठे?" मी मुद्दाम विचारलं. "डोळ्यांच्या दवाखान्यात. म्हशी मरायच्या आधी." मी चपला घातल्या आणि पर्स शोधायला आत गेले, ती रडू लपवायला.

एका डोळ्याचं ऑपरेशन आठवड्याने झालं, दुसऱ्याचं महिन्याने. वीस मिनिटांचं काम. थोरल्या भावाचं भूत आजोबांनी शेवटपर्यंत मनात धरलं होतं. टेबलावर जाताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पहिल्या डोळ्याची पट्टी काढली तेव्हा ते भिंतीवरची अक्षरं वाचायच्या आधी माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुझ्या कपाळावर एवढ्या सुरकुत्या कधी आल्या?" डॉक्टर हसले. मीही हसले आणि म्हटलं, "तुम्ही बघत नव्हता तेव्हा."

दुसऱ्या दिवशी सहाला फाटकापाशी आवाज आला आणि मी चहा टाकला. मावशीने आधी आजोबांना अंगणात उभं केलं आणि लांबून बोटं दाखवली. "किती?" "तीन." "आन् आता?" "मूठ आहे." "हां, आता आण्णा माणसात आले," म्हणून ती गोठ्यात गेली.

नूतनीकरणाची मुदत आली. आता डॉक्टरचा दाखला मिळाला असता. नजर चांगली होती, वायरचोर पकडलेही गेले नव्हते. मला वाटत होतं ते नूतनीकरण करतील, आणि मी त्याला विरोध करायचा नाही असं ठरवलं होतं. त्यांनी मला काही न विचारता कागद काढले आणि म्हणाले, "स्कूटर काढतो. पोलीस ठाण्यात जाऊ."

ठाण्यातल्या हवालदाराने रिव्हॉल्व्हर उलटसुलट पाहिलं. "निवडणूक न्हाय की, आण्णा आत्ता. कशाला जमा करताय?"

"कायमचं. परवाना रद्द करायचा अर्जही आणलाय."

"कारण काय लिहू? वय?"

"नको," आजोबा म्हणाले. "लिहा, गरज नाही."

पावती घेऊन आम्ही बाहेर आलो. आजोबांनी स्कूटर सुरू केली नाही. ठाण्याबाहेरच्या वडाखाली तिला टेकून उभे राहिले. 

"तुला एक सांगतो. त्या सकाळी मला मावशी दिसली नाही, हे खरं. पण काहीच दिसलं नाही असं नव्हतं. माणूस दिसला. तिशीतला. गळ्यात मफलर होता, तांबडा, चौकटीचा. मी कोर्टात शपथेवर सांगितलं असतं की मफलर होता."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.  त्या सकाळी मी अर्धा मिनिट उशिरा जागी झाले असते, तर हा माणूस तो तांबडा मफलर उरलेलं आयुष्य जन्मठेपेसारखा गळ्यात बाळगून जगला असता, आणि ओढ्यापलीकडच्या घरातली चूल थंड झाली असती. वडाखाली सावली होती, रस्त्यावरून उसाच्या रिकाम्या गाड्या चालल्या होत्या. मी देवाचे, सुभेदारांचे आणि त्या म्हशींचेसुद्धा मनातल्या मनात आभार मानत होते. मग आजोबांनी किल्ली फिरवली, आणि मी मागे बसले.